लवंगतेलात बुडालेला शब्द

लग्नाचा शब्द घरातल्या थोरल्या भावाने द्यायचा आणि त्याच्यापुढे धाकट्या भावाने तोंड उघडायचे नाही, ही लांज्याजवळच्या त्या घरातली रीत. राहीच्या लग्नाचा शब्द द्यायला थोरले गंगारामकाका गिरणीतून रजा काढून खास मुंबईहून आले, आणि नेमकी त्यांची दाढ ठणकू लागली. मुलाकडचे पाहुणे तर राजापूरहून निघालेही होते. राहीची सातवीची परीक्षा तोंडावर. पण काका एकदा "होय" म्हणाले, की शाळा संपलीच!

काकीने लवंगतेलाची बाटली आणली.

"काका, कापसावर एकच थेंब हं," राही म्हणाली. "जास्त घेतलंत तर तोंड भाजेल. आमच्या आरोग्याच्या पुस्तकात आहे."

"तुज्या बुकाला दाढ हाय काय गो?" काका गरजले. "एका थेंबान काय व्हनार? दर्यात खसखस!"

आणि त्यांनी बाटलीच तोंडात उपडी केली.

पुढच्या क्षणी काका अंगणात थुंकत नाचत होते. चुळा भरभरून आग निवली, तोवर दाढ, जीभ, ओठ, सगळेच बधिर. तेवढ्यात पाहुणे ओटीवर टेकले.

"बोला गंगारामशेट, द्या शब्द."

"ब्भू... ब्भू..." काकांच्या हनुवटीवरून लाळ ओघळली. राहीचे वडील धाकू रीत पाळून गप्प. पण रीत भावाभावांची. पुतणीचे नाव त्यात कुणी घातले नव्हते! राही दारातून थेट पुढे आली.

"काका म्हणतात, पोरगी सातवी पास झाल्याशिवाय लग्न नाही."

काकांनी दोन्ही हात हवेत उडवले.

"म्हणतात, त्यानंतरही दोन वर्षं नाही!"

काका लालबुंद. लवंगेच्या झणक्याने डोळे घळाघळा वाहत होते. ते पाहून पाहुण्यांतला म्हातारा विरघळला.

"रडू नका शेट! येवढी माया पुतणीवर! आमी थांबतो."

पाहुणे गेले. संध्याकाळी काकांची जीभ सुटली.

"कुठाय ती भवानी? तंगडीच मोडतो तिची!"

"ही काय, इथेच आहे," राही त्यांच्यासमोर ताठ उभी राहिली. "बोलवा पाहुण्यांना परत. सांगा, राही खोटं बोलली. पण मग बाटलीचंही सांगा!"

काकांनी तोंड उघडले, तोच शेजारचा सदू धावत आला आणि त्यांच्या पायाच पडला.

"दादा, गावभर तुमचाच नाव! पोरीच्या शाळेसाठी राजापूरवाल्यांना परत धाडलात! माजी पोर मालनपन उद्यापासना शाळेत."

काकांनी सदूकडे पाहिले. राहीकडे पाहिले. मग सावकाश मिशीवरून हात फिरवला.

"मग? गंगाराम एकदा बोलला की बोलला!"