पंचफुलाच्या बाजेपुरती जागा

उकंडरावांची लेक पंचफुला पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती आणि वाशीमच्या त्यांच्या घरात तिच्या बाजेपुरतीही जागा नव्हती. माजघरात देव, तिथं सुवेर चालत नाही. उरलेल्या दोन खोल्यांत दोन बिऱ्हाडं. एकीत कचेरीतले चपराशी नानाजी, दुसरीत एकट्या मनकर्णाबाई. दोघांतल्या एकाला निघा म्हणायचं होतं.

उकंडराव न्यायबुद्धीनं विचार करायला बसले. नानाजींच्या छातीवर सरकारी पितळी बिल्ला होता. मनकर्णाबाईंच्या पाठीशी कुणी नव्हतं. एवढ्यावर न्याय पुरा झाला.

आता सांगायचं कुणी? कापसाच्या बाजारात दलालाची गचांडी धरणारे उकंडराव घरी येऊन बायकोला म्हणाले, तुम्ही दोघी पहाटे जात्यावर बसता, तिथंच तिच्या कानावर घाल. प्रयागबाई कुरकुरल्या. जात्याच्या तोंडी अन्न असतं. तिथं कडू बोलू नये, पिठाला चव येत नाही. पण नवऱ्यानं हट्टच धरला, तेव्हा त्यांनी ती नोटीस ओवीत घोळली आणि गोड करून सोडली :

*लेक येते गं माहेरी, जड झालं तिचं पाऊल*
*तिच्या बाजेपुरती जागा, कोन बाई करून देईल*

खुंटा दोघींच्या हातात होता. मनकर्णाबाईंचे डोळे भरून आले. इतका जिव्हाळ्याचा प्रश्न कुणी आपल्यालाच घराबाहेर काढायला विचारेल, हे त्यांच्या मनात आलं नाही. त्यांनी मूठभर ज्वारी टाकली आणि गळा मोकळा केला :

*बाज टाका गं लेकीची, नानाजीच्या खोलीमंदी*
*मी मावशी उशापाशी, नाई लागू देनार थंडी*

मनकर्णाबाईंचा आवाज उंच. उजाडेपर्यंत नानाजींनी बिऱ्हाड हलवलं हे अख्ख्या गल्लीला कळलं होतं; फक्त नानाजींना शेजाऱ्याकडून कळायचं होतं. ते कळल्यावर त्यांनी तोंड धुण्याआधी बिल्ला लावला आणि ओसरीवर येऊन उभे राहिले.

"उकंडराव, गल्ली म्हनून राह्यली का मी जाऊन राह्यलो. मले तं मालूमच नाई."

बिल्ल्यावर कोवळं ऊन पडलं होतं. उकंडरावांनी हात जोडले. "तुमी नाई हो नानाजी. ते मनकर्णाबाई. एकटा जीव हाय, तिले कुठंबी जागा भेटते."

मागे मनकर्णाबाई घागर घेऊन उभ्या होत्या. त्यांनी घागर सांडू न देता खाली ठेवली, खोलीत गेल्या आणि लुगड्यात भांडी बांधू लागल्या. भांडी वाजली नाहीत, याचंच प्रयागबाईंना भय वाटलं. अर्ध्या गल्लीची बाळं याच बाईच्या हातावर पहिल्यांदा रडली होती. नवऱ्याच्या न्यायात एवढी एक गोष्ट राहून गेली होती.

प्रयागबाई आत गेल्या आणि त्यांनी गाठोडं उचललं. मनकर्णाबाई म्हणाल्या, मले माह्या पायानं जाऊ द्या. गाठोडं प्रयागबाईंनी थेट माजघरात नेलं आणि देवांच्या शेजारी, उकंडरावांची वळकटी असायची तिथं ठेवलं. वळकटी ओसरीवर आली.

तेवढ्यात अनसिंगच्या सासरहून आलेली बैलांची दमणी दारात थांबली. पंचफुला उतरली ती बापाकडे न बघता "मावशे" म्हणत मनकर्णाबाईंच्या गळ्यात पडली. दोघी तिला रिकाम्या खोलीत घेऊन गेल्या. उकंडरावांनी दारातून डोकावून विचारलं, म्हणजे निघायचं कुणी?

"अजी, खोलीत पोरगी," प्रयागबाई बाज झटकत म्हणाल्या. "माजघरात आमी दोघी. बाळंतपनात ज्याचं काईच काम नाई, त्यानं निंगाव. आता असं मानूस घरात कोन हाय, ते तुमीच पाहा."

उकंडरावांनी आशेनं नानाजींकडे पाहिलं. नानाजी केव्हापासून त्यांच्याचकडे पाहत होते.

दुपारी वळकटी नानाजींच्या खोलीच्या उंबऱ्याशी पोचली. नानाजींनी बिल्ला काढून खुंटीला लावला, घरमालकाला आत घेतलं, भिंतीकडची जागा दाखवली आणि मऊ आवाजात म्हणाले, "कवापर्यंत राहान, तेवढं आजच सांगून ठेवा. मांगून मनात खोट नको."

"घरात इचारून सांगतो," उकंडराव म्हणाले.