सुपडू आबांच्या सुटकेबाबत एकमताने

पिंप्राळ्यातल्या आमच्या सोसायटीचे अध्यक्ष नवलभाऊ धुळ्याला तीन दिवसांच्या शिबिराला गेले आणि करुणामय होऊन परत आले. शिबिराचा विषय होता, ‘बुद्धविचार आणि समूह-प्रशासन’. पूर्वी पार्किंगवरून नवलभाऊ लोकांच्या अंगावर धावून जात. आता ते आधी डोळे मिटत आणि मग धावून जात.

लगेच सभा झाली आणि तीन नियम मंजूर झाले. सर्वांनी एकत्र जमावं, एकोप्याने ठरवावं, एकत्रच उठावं. एकाचंही मन दुखावलं तर ठराव होणार नाही.

तळमजल्यावरच्या मंदाक्का तायडे सिव्हिलमधून निवृत्त झालेल्या परिचारिका. दर रविवारी विहारात जातात. त्या म्हणाल्या, “नवलभाऊ, शिकवण बुद्धांचीच आहे. पण ती माणसांनी एकमेकांना सांभाळावं म्हणून आहे.”

नवलभाऊंनी डोळे मिटले.

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी अकरा वाजता लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली. आत चौथ्या मजल्यावरचे सुपडू आबा होते, वय एक्याऐंशी. लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची. दुसऱ्या मजल्यावरून आबांचे फक्त पाय दिसत होते, तेही आमच्या कपाळाच्या उंचीवर. त्यामुळे जिना चढून येणारा प्रत्येक जण सवयीने नमस्कार करत होता.

“आशीर्वाद नंतर दिसू! आधी माले भायेर काढा!” आबा ओरडले.

नवलभाऊंनी जिन्यातच तातडीची सभा बोलावली. आबा सभेला हजर धरायचे की गैरहजर, असा पेच पडला. सचिव प्राचीने ‘पायांपुरते हजर’ अशी नोंद केली.

‘लिफ्ट बिघडली’ या वाक्याला नवलभाऊंनीच हरकत घेतली. कोणालाही दोष देणं करुणेत बसत नाही. दुरुस्तीनंतर वाक्य असं झालं: ‘लिफ्टने विश्रांती घेतली आहे.’

मग लिफ्टवाल्या कुंदनला फोन करायचा प्रस्ताव आला. पण रविवारी त्याची सुट्टी. एका जिवाच्या सुखासाठी दुसऱ्या जिवाची सुट्टी मोडावी का, यावर पाऊण तास अतिशय सौम्य आवाजात भांडण झालं. शेवटी सगळे फोनला तयार झाले, तेवढ्यात पहिल्या मजल्यावरचे चुडामणराव म्हणाले, “माझं मन दुखावलंय.”

“कशाने?”

“मला सगळ्यांत शेवटी विचारलं.”

ठराव अडला. आम्ही चुडामणरावांना लिंबू सरबत दिलं, वारा घातला, त्यांच्या बालपणाबद्दल आस्थेने विचारलं.

“बठ्ठा आठेच शेतस, मंग फोन कोन करी?” सगळ्यांचे आवाज जिन्यातूनच येताहेत हे ऐकून वरून आबा कळवळले. “माले लघवीले जानं शे!”

प्राचीने लिहिलं, ‘ज्येष्ठ सदस्यांनी देहाच्या मर्यादेकडे सभेचे लक्ष वेधले.’ नवलभाऊंच्या सूचनेवरून आम्ही आबांच्या मूत्राशयासाठी दोन मिनिटं मैत्रीभावनेचं ध्यान केलं. पाण्याची टाकी भरून वाहण्याचा आवाज नेमका त्याच वेळी सुरू झाला. आबांनी एक शिवी दिली. ती एकमताने माफ करण्यात आली.

एक वाजता मंदाक्का विहारातून आल्या. त्यांनी वर पाय पाहिले, खाली आम्हाला पाहिलं.

“फोन केला का कोणी?”

“प्रक्रिया सुरू आहे,” नवलभाऊ म्हणाले.

मंदाक्कांनी पर्समधून फोन काढला. दहा मिनिटांत कुंदन लुंगीवरच आला, गच्चीवरच्या खोलीत गेला आणि हाताने चाक फिरवून लिफ्ट खाली आणली. दार उघडताच आबा त्या वयात कोणी धावत नाही असे धावले. आम्ही टाळ्या वाजवल्या.

उठायला निघालो, तर नवलभाऊंनी एकत्रच उठायच्या तिसऱ्या नियमाची आठवण करून दिली. आबा अजून मोरीत होते. सगळे परत बसलो. रिकाम्या वेळेत ठराव आला: मंदाक्कांनी सभेला न विचारता फोन करून एकोप्याला तडा दिला, सबब निषेध.

“आजाऱ्याची सेवा करतो तो माझी सेवा करतो,” मंदाक्का शांतपणे म्हणाल्या, “हेही बुद्धांचंच सांगणं आहे.”

नवलभाऊ विचारात पडले. “ते चौथ्या दिवशी असेल. आमचं शिबिर तीनच दिवसांचं होतं.”

ज्यांचा निषेध त्यांचं मत मोजायचं नाही असं ठरलं आणि एकेक हात वर गेला. चुडामणरावांनी दोन केले. शेवटी आबा रुमालाला हात पुसत आले. एक मत कमी असेल तर कोणालाच उठता येणार नाही, हे त्यांना समजावलं.

“बठ्ठासनं हो शे? मंग मनं बी हो,” आबा म्हणाले. “माले जेवाले जानं शे.”

त्यांनीही हात वर केला. मंदाक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं. आबांनी लिफ्टकडे पाहिलं.

तुम्ही त्या जिन्यात असतात तर हात वर केला नसता, असं तुम्हाला वाटत असेल. आमच्यापैकी प्रत्येकालाही, शेजाऱ्याचा हात वर जाईपर्यंत, तसंच वाटत होतं.