म्हातारा काही केल्या मरेना

दोष बाबांचा. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला त्यांची दया येण्याची शक्यता आहे. लोकांना येते. पांढरे केस, नाकावर घसरलेला चष्मा आणि खिशाला पेन दिसलं की लोक विरघळतात. माझी नोकरी या माणसाने घालवली, आणि तीही माझं भलं करायला जाऊन. वाईट करायला गेले असते तर कदाचित वाचली असती. (त्यांनी ठरवून केलेलं काही आजवर तडीला गेलेलं नाही. पुरावा म्हणून मी समोर आहे.)

कॉलेज मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. 'सोडलं' हा माझा शब्द. घरात 'वाया गेला' असं म्हणतात. त्यानंतर बाबांनी फर्मान काढलं की महिनाअखेरपर्यंत नोकरी दाखव, नाहीतर मामाच्या दुकानात बस. मामाचं गाद्यांचं दुकान आहे. तिथे नोकराने काय करायचं, तर गिऱ्हाईक आलं की गादीवर आडवं होऊन दाखवायचं, कूस बदलायची आणि चेहरा सुखी ठेवायचा. मी म्हटलं, मेलो तरी बेहत्तर, पण सुखी चेहरा ठेवणार नाही.

आणि मला नोकरी मिळत होती! बाजारात चपलांच्या दुकानावरच्या मजल्यावर गेमिंग पार्लर उघडणार होतं. मालक माझ्याहून थोडाच मोठा, सगळे त्याला चीफ म्हणतात. गिऱ्हाइकांशेजारी बसून अवघड गेम शिकवणारा माणूस त्याला हवा होता.

"डिग्री नाहीये माझ्याकडे," मी आधीच सांगून टाकलं.

"डिग्री घेऊन काय चाटू? म्हातारा मारलायस का?"

हा म्हातारा कोण ते सांगायला हवं. एक गेम आहे, खेळणाऱ्याला रडवण्यासाठीच बनवलेला. त्यात शेवटी, उंच पायऱ्यांच्या टोकाला, एक म्हातारा खुर्चीत बसलेला असतो. हातात काठी. त्याचं खरं नाव कुणाला उच्चारता येत नाही, म्हणून सगळे म्हातारा म्हणतात. तुम्ही समोर गेलात की तो आधी खोकतो. तुम्हाला वाटतं, आजारी दिसतोय. तेवढ्यात तो उडी मारून तुमच्या डोक्यात काठी घालतो. जखमेवरचं औषध प्यायला थांबलात की पाठीत घालतो. थोरामोठ्यांचा स्वभावच तो. तुम्ही घटकाभर पाणी प्यायला टेकलात की त्यांना बरोबर तेव्हाच बोलायचं असतं. मेलात की पडदा काळा होतो आणि अक्षरं उमटतात : 'तू अजून तयार नाहीस.' (हे वाक्य मी घरी दहावीपासून फुकट ऐकतोय. तेच ऐकायला वर पैसे भरले.) मग परत पहिल्या पायरीपासून सुरुवात.

म्हातारा मेला की खात्यावर एक सोनेरी पदक येतं. "ते पदक उद्घाटनाला मोठ्या पडद्यावर दाखव, खुर्ची तुझी," चीफ म्हणाला. "आपला शिकवणाराच मार खाऊन आलेला असला तर गिऱ्हाईक जिना चढेल का?"

तर मी घरी म्हाताऱ्याच्या मागे लागलो आणि घर माझ्या.

"अजून तेच चाललंय?" आई दारातून विचारायची. "सकाळी याच पायऱ्यांवर होतास."

"आई, मी मेलो होतो मध्ये."

"मग जरा पुढे जाऊन मरावं माणसाने."

एकदा मामा आला. माझ्या पलंगावर बसल्याबसल्या त्याने गादीत अंगठा रुतवून पाहिला (तो जिथे बसेल तिथे हे करतो, डॉक्टरच्या दवाखान्यातसुद्धा) आणि म्हणाला, "ही बसलीय. आणि हे काय, नुसती बटणं तर दाबायची! आमच्या वेळी..."

मी कंट्रोलर त्याच्या हातात कोंबला. 'आमच्या वेळी' ऐकण्यापेक्षा ते बरं. मामा पहिल्या पायरीवर वळला आणि सरळ कड्यावरून खाली गेला. परत उभा राहिला, परत तिथूनच गेला. म्हाताऱ्यापर्यंत पोचणं दूरच, मामाला वाटेतल्या एका कोंबडीने दोनदा मारलं.

"कडा इथे ठेवलाय कशाला?" मामा चिडून म्हणाला. "कठडा नको?"

"तुमच्यासारखे पडावेत म्हणून."

"भाचेबुवा, माझ्या दुकानात कोणी पडलं तरी गादीवर पडतं," असं म्हणून त्याने कंट्रोलर दिला. माझ्या पिढीला संयम नाही असं भाषण देणारा हा माणूस कोंबडीशी दोनदा लढून दमला होता.

माझंही काही बरं चाललं नव्हतं. म्हाताऱ्याला थेंबभर जीव उरावा आणि मी मरावं, असं रोज. मग मी किंचाळायचो. "मरत का नाही हा म्हातारा एकदाचा! किती दिवस छळणार!" बाहेर बाबा पेपर वाचत बसलेले. एक दिवस शेजारच्या काकू हलक्या पावलांनी आल्या आणि आईला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुमच्या यांची तब्येत बरी आहे ना? घर नावावर केलंय का मुलाच्या?"

बाबांना ते लागलं. पण बाबा रागावत नाहीत. बाबा तक्रार करतात.

इथे त्यांचा पूर्वेतिहास आला. त्यांनी उभी हयात पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रार खिडकीवर काढली. लोकांना कसं उद्या बोलवायचं, उद्या आले की परवा कसं बोलवायचं, यात त्यांचा हातखंडा. निवृत्त झाल्या दिवशी ते खिडकीच्या दुसऱ्या बाजूला गेले. आता ते हेल्पलाइनला फोन लावतात. टोस्टर, टीव्ही, गॅस, चष्म्याची काडी, काही वर्ज्य नाही. समोरच्याच्या सगळ्या युक्त्या त्यांना आतून ठाऊक, त्यामुळे ते हरत नाहीत. फोन स्पीकरवर ठेवतात, साक्षीदार असावेत म्हणून. साक्षीदार म्हणजे आई. पुढचं संभाषण तिच्याकडूनच मला नंतर जसंच्या तसं मिळालं. मी तेव्हा चीफकडे कंट्रोलर दुरुस्त करायला गेलो होतो. (तो आपोआप भिंतीवर आपटला होता.)

"नमस्कार, मी आपली काय मदत करू?" पलीकडे एक मुलगी.

"मदत नको, तक्रार आहे. तुमच्या गेममध्ये एक म्हातारा आहे. तो माझ्या मुलाला मारतो."

"सर, तो... त्यासाठीच आहे."

"रोज?"

"गेम अवघड आहे सर. तेच आमचं वैशिष्ट्य आहे."

"मॅडम, मी पाणीपुरवठ्यात होतो. नळ कोरडा असणं हे आमचं वैशिष्ट्य आहे, असं म्हणायची हिंमत मलासुद्धा झाली नाही."

पलीकडे कळफलकाची टकटक. मग, "सर, खातं कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या. या घरात बिल येतं ते सगळं माझ्या नावावर आहे."

"मग पालक म्हणून तुम्ही बालसुरक्षा चालू करू शकता. शत्रू हळू होतात, मार कमी लागतो, मुलं रडत नाहीत."

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने मान डोलावली. (दोषातून तीही सुटत नाही.)

"करा चालू."

"मुलाचं वय?"

इथे बाबा थांबले. आई म्हणते, बराच विचार केला त्यांनी. "कागदावर तेवीस. वागण्यावरून सात."

"सर, आमच्याकडे बारापर्यंतच पर्याय आहेत."

"मग प्रश्नच मिटला. सात लिहा."

मोबाइलवर आलेला ओटीपी त्यांनी एकेक आकडा ठणठणीत आवाजात वाचून दाखवला. शेवटी सेवेला किती गुण देणार असं विचारल्यावर पाचपैकी पाच दिले. माझ्या एकाही निकालावर ज्यांनी तोंड वाकडं केल्याशिवाय सही केली नाही, त्यांनी. आणि मला मात्र यातलं चकार शब्दाने सांगितलं नाही. का, असं मी पुढे विचारलं तेव्हा म्हणाले, "आमच्या खात्यात निकाल तक्रारदाराला कळवायची पद्धत नव्हती."

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा परत आला, हातात दुकानाच्या नावाचा टी-शर्ट घेऊन. "माप बघून घे," म्हणाला. महिना संपत आला होता, उद्घाटन रविवारवर आलं होतं. मी टी-शर्टाकडे पाहिलंही नाही. कंट्रोलर उचलला.

आणि माझा हात बसला!

पायऱ्या मी अशा चढलो की जणू घरचाच जिना. म्हातारा खोकला. मी थांबलो. त्याने काठी उचलली, आणि मला ती उचलताना दिसली. सावकाश, लोणी कापावं तशी खाली आली. मी बाजूला झालो, वर औषध प्यायलो, तो बघत राहिला. मोठ्या खेळाडूंच्या बाबतीत म्हणे असं होतं, कौशल्य अंगात मुरलं की काळ संथ होतो. मला ते आतून जाणवत होतं. मी वार केला तेव्हा रक्ताऐवजी फुलपाखरं उडाली. मी म्हटलं, हा शेवटचा टप्पा असणार, इथवर कोण पोचलंय बघायला! शेवटी म्हातारा पडला नाही. त्याने जांभई दिली, खुर्चीत बसला आणि झोपी गेला. काय कल्पना! मृत्यूचं इतकं तरल चित्रण मी आजवर पाहिलं नव्हतं. पदक आलं. सोनेरी, त्यावर छोटासा पक्षी. गरुड.

मी उभा राहिलो आणि सगळ्यांना समोर घेतलं. म्हटलं, "बघितलंत? याला चिकाटी म्हणतात. तुमच्यासारखं एका खुर्चीत झिजत बसणं म्हणजे चिकाटी नव्हे. तुम्ही लोकांनी आयुष्यात एक तरी अवघड गोष्ट कुणाच्या वशिल्याशिवाय केलीत का? मी केली. एकट्याने."

मामा टी-शर्टाची घडी घालू लागला. आईने पदराने डोळे पुसले. बाबा नुसते हसले. तेव्हाच मला कळायला हवं होतं, कारण बाबा हसतात ते फक्त तक्रार निकालात निघाली की.

रविवारी पार्लर माणसांनी फुललं होतं. रंगाचा वास येत होता, खुर्च्यांवरचं प्लॅस्टिक अजून निघालं नव्हतं. घरचे तिघेही आले होते. मामा आल्याआल्या खुर्च्यांत अंगठा रुतवत सुटला. चीफने माईक घेतला. "आता आपल्या कोचचं पदक बघू. म्हातारा मारलाय पठ्ठ्याने!" टाळ्या. मी खातं उघडलं.

घरच्या टीव्हीवर अंगठ्याएवढं दिसणारं पदक मोठ्या पडद्यावर भिंतभर पसरलं. गरुड नव्हता तो. बदकाचं पिल्लू होतं. त्याच्या गळ्यात लाळेरं होतं. आणि घरी टीव्हीचा आवाज आईने बंद ठेवायला लावलेला असायचा, पण इथे एका मंजुळ बाईच्या आवाजाने, चोख मराठीत, सगळा मजला दुमदुमला :

"शाब्बास, छोट्या दोस्ता! वय वर्षं सात! आता हात धुऊन जेवायला चला!"

मागून कुणीतरी फुसकन हसलं आणि बांध फुटला. एक पोरगी तर हसता हसता खुर्चीवरून खाली बसली.

"मशीन बिघडलंय," मी म्हणालो.

"बिघडलेलं नाही!" गर्दीतून ओळखीचा आवाज आला. बाबा हात वर करून पुढे येत होते, चेहरा उजळलेला. "ते मी करून घेतलं! एका फोनमध्ये! आधी त्या ऐकत नव्हत्या, पण मी सोडलं नाही. आता बघा, म्हातारा कुणाला त्रास देत नाही!"

चीफने माईक बंद केला, एवढी माणुसकी दाखवली. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "दादा, राग मानू नकोस. पण माझ्याकडे बालकामगार ठेवत नाहीत."

मी बाबांना जिन्यात गाठलं. जे बोललो ते इथे लिहिण्याजोगं नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, तक्रार खिडकीवर ऐकायचे तसं, आणि खिशातून फोन काढला. "लगेच काढून टाकू. त्यात काय!" तिथेच जिन्यात स्पीकर लागला. तीच मुलगी.

"सर, बालसुरक्षा पालकांनासुद्धा मधे काढता येत नाही. मुलांच्या हितासाठी. मूल बारा वर्षांचं झालं की आपोआप निघेल."

"म्हणजे?"

"पाच वर्षांनी, सर."

बाबांनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ. मार्ग आहे."

नवं खातं काढून म्हातारा नव्याने मारीन, असं मी चीफला सांगून पाहिलं. पण ती खुर्चीवरून खाली बसलेली पोरगी होती ना, तिच्याकडे खरं पदक निघालं. ससाण्याचं आहे. मी इतके दिवस गरुड समजत होतो, तेही चूक.

आता मी मामाच्या दुकानात असतो. टी-शर्ट सैल होतो. गिऱ्हाईक आलं की आडवा होतो, कूस बदलतो, चेहरा सुखी ठेवतो. दिवसभर लोळतो म्हणून ज्या घरात मला बोलणी बसली, तिथे आता मी लोळून आलो की आई चहा देते. घरी गेम रोज एक तासच चालतो आणि त्यासाठी बाबांच्या फोनवरचा ओटीपी लागतो. तो मागायला गेलं की ते आधी खोकतात.

भेटेल त्याला बाबा अजून सांगतात, हेल्पलाइनचा तो नंबर टोल-फ्री होता, दोन्ही फोन फुकट झाले, एका पैशाचा खर्च आला नाही.

माझी नोकरी गेली.