उचलून ढकलायचं दार

कऱ्हाडच्या इंदुमती शेवाळे यांच्या घरात रोज चाळीसेक तोंड झाकलेली माणसं पुढच्या दाराने येत आणि मागच्या दाराने जात, कारण घरातल्या यंत्राला तेवढं सगळं ओझं झेपत नव्हतं.

यंत्र साबणाच्या डबीएवढं. देवघराशेजारच्या फळीवर बसलेलं, मोबाइलच्या चार्जरला जोडलेलं, झिरोच्या बल्बाइतकी वीज खाणारं. निनावी निरोप अशा हजारो घरगुती यंत्रांतून तीन-तीन घरं बदलत जातात. निघाला कुठून आणि पोचला कुठे, हे दोन्ही मिळून कुणालाच कळत नाही. मोठ्या यंत्रांतून ते तारेने जातात. लहान यंत्रात मावत नाही ते अशी माणसं पायी नेतात. काम स्वखुशीचं असल्याने तक्रार करायची तर कुणाकडे, हा प्रश्न होताच; पण इंदुमतीबाईंची तक्रारच नव्हती. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी गावोगावच्या तारा जोडल्या होत्या आणि एकदाही कान लावला नव्हता.

येणाऱ्याच्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत दोन करड्या शाली असत. तिसरी आधीच्या घरी उतरलेली. इंदुमतीबाई वरची शाल काढत, तिच्या आत शिवलेला पुढच्या घराचा पत्ता वाचून दाखवत आणि स्वयंपाकघरातून मागच्या जिन्याकडे वाट करून देत. तिथलं दार फुगलेलं होतं. "उचलून ढकला," असं प्रत्येकाला सांगावं लागे. सुताराला बोलावतो, असं त्यांचे यजमान जयवंतराव कित्येक वर्षं म्हणत होते.

दहा मिनिटांच्या वर कुणाला थांबवायचं नव्हतं. एकदा जयवंतरावांनी न राहवून एकाला आग्रहाने चहा दिला, तर अर्ध्या कपातच तो विरून गेला आणि खुर्चीवर नुसती शाल उरली. ते त्यांच्या मनाला फार लागलं. 'गाव कुठलं?' हा प्रश्न जन्मभर त्यांच्या जिभेवर बसलेला. तेव्हापासून रहदारीच्या वेळात ते गालात सुपारी धरून गप्प बसत.

नियमांचा कागद फ्रिजवर चिकटवलेला होता. त्यातला चौदावा नियम असा होता: एखादा वेगळा दिसू लागल्यास बाकीच्यांनी त्याच्यासारखं व्हावं. तो वापरायची वेळ आजवर आली नव्हती.

यंत्र बसवलं होतं त्यांच्या मुलीने, प्रणिताने. एका कारखान्याचं सांडपाणी नदीत जातं, हे तिने पुराव्यानिशी लिहिलं आणि त्यानंतर तिला घर सोडावं लागलं. जाताना "हे बंद पडू देऊ नको, आई," एवढंच म्हणाली. दोन वर्षं झाली त्याला.

मंगळवारी सकाळी दहा वाजता ओळख खात्याचे कुरणे नावाचे निरीक्षक आले. माणूस सभ्य. चपला बाहेर काढल्या, पाणी घेतलं आणि स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची मागितली, जिथून पुढचं दारही दिसेल आणि मागचंही. तुमची मुलगी निरोप घेऊन याच मार्गाने फिरते अशी खात्याला माहिती आहे, असं त्यांनी सांगितलं. शालीला हात लावायचा अधिकार त्यांना नव्हता. मात्र घरच्यांनी प्रवाशाला ओळखलं, किंवा प्रवाशाने घर ओळखलं, तर तो प्रवासी निनावी राहत नाही. मग शाल उतरवून त्याला ताब्यात घेता येतं.

"तुम्ही तुमचं काम चालू द्या," कुरणे म्हणाले आणि मांडीवर वही उघडून बसले.

अकरापर्यंत सहाजण गेले. इंदुमतीबाईंचे हात सरावाने चालत होते, पण ब्लाउज पाठीला चिकटला होता. दर पावलाच्या आवाजाला त्या मनात म्हणत, आज नको, आज येऊ नको.

सातवा प्रवासी उंबरा ओलांडून आत आला. इंदुमतीबाईंनी वरची शाल काढली, पत्ता वाचून दाखवला. सगळं इतरांसारखंच. मग तो स्वयंपाकघरातून चालत गेला, दाराची कडी धरली, दार जरासं उचललं आणि ढकललं.

इंदुमतीबाईंनी अजून काही सांगितलं नव्हतं.

"उचलून ढकला," त्या म्हणाल्या, पण उशीर झाला होता. प्रवासी उघड्या दारात थबकला. चूक त्याच्याही ध्यानात आली असावी.

कुरण्यांनी पेन वर धरलं. "न सांगता उघडलं," ते शांतपणे म्हणाले. "ओळखता का यांना?"

ती उभी राहायची पद्धत, एका पायावर भार टाकून. शालीखालून दिसणारी करंगळी. लेकीला कवटाळावं, पोटभर बघावं, एवढंच इंदुमतीबाईंना वाटत होतं. आणि घड्याळात सहा मिनिटं होऊन गेली होती.

"नाही," त्या म्हणाल्या. "मी ह्यांना ओळखत नाही."

स्वतःच्या तोंडून ते वाक्य ऐकताना त्यांना फार वाईट वाटलं.

"मग दार?"

जयवंतरावांनी सुपारी गिळली. "जुनी दारं सगळीकडं अशीच असत्यात, साहेब," ते म्हणाले. "हिसक्यानं कुणीबी उचलतंय."

"ते तपासता येईल," कुरणे म्हणाले. "पुढच्या प्रवाशाला काही सांगू नका. तोवर यांनी जिन्यावर थांबायचं. त्याला दार अडलं, तर यांची शाल उतरवतो."

आठवा तोवर उंबऱ्यात उभा होता. इंदुमतीबाईंनी शाल काढली, पत्ता वाचला, आणि दातांनी ओठ धरून ठेवला. सातव्याने जिन्यावरून ओढून घेतलेल्या बंद दारापाशी तो गेला. कडी धरली. उचललं. ढकललं.

जिन्यावर थांबलेला सातवा खाली उतरून गेला. नवव्यानेही उचललं. दहाव्याच्या हाताला थरथर होती, काठी होती. त्याने काठी काखेत धरली आणि दार उचललं. अकरावा बाहेर पडताना एका पायावर भार टाकून क्षणभर थबकला. बारावाही थबकला.

कुरणे पाऊण तास बघत होते. शेवटी त्यांनी वहीत 'सर्वच' असा शेरा लिहिला, खाली सही केली, इंदुमतीबाईंची घेतली आणि चपला घालून गेले. जाताना पाण्याबद्दल आभार मानले.

पुढच्या आठवड्यात जयवंतराव खरोखरच सुताराला घेऊन आले. इंदुमतीबाईंनी त्याला दारातूनच परत पाठवलं. रंधा मारायचा नाही म्हणाल्या, आहे तसं राहू दे.

आता रोजचे चाळीसच्या चाळीस दार उचलूनच ढकलतात आणि जरा थबकतात. त्यांत आपली कोणती, हे इंदुमतीबाईंना यापुढे कधीच कळणार नाही. म्हणून त्या थबकलेल्या प्रत्येकाच्या पाठीवरून एकदा हात फिरवतात आणि मग पुढच्याची शाल काढायला वळतात.