वामनकाकांची सिस्टीम

मे महिन्यात वामनकाकांकडे यायचं असेल, तर रुमाल घेऊन या आणि कूलरसमोर खुर्ची ओढू नका. आमच्या पांढरकवड्यात उन्हातून आलेल्या माणसाला आधी कूलरसमोर बसवतात. काकांचा कूलर मात्र पाहुण्याकडे पाठ करून माशांच्या टाकीला हवा घालत असतो.

"तुमी बाहेर जाऊन निंबाखाली बसू शकता," काका म्हणतात. "ते कुठी जातीन?"

काका माझे शेजारी. कापसाच्या जिनिंगमधल्या मशिनी दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. रिटायर झाले आणि समुद्रातले मासे पाळायचं खूळ डोक्यात शिरलं. केशरी अंगाचे, पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे. मी म्हटलं, साधे पाळा ना. "साधे तं कोनीबी पाळते." टाकीसाठी खास मीठ पार्सलनं येतं. काकू होत्या तेव्हा म्हणायच्या, "माशाइचं मीठ काट्यावर मोजतेत, अन् वरनात चिमूटभर कमी पडलं तं मले बोलतेत."

काकू गेल्या आणि काकांनी ती पेटी बनवायला घेतली. विजेच्या मीटरची जुनी लोखंडी पेटी, आत तळहाताएवढं सर्किट आणि वायरांचा असा गुंता की बघून माझंच डोकं दुखतं. टाकीतलं पाणी तापलं की कूलर आपोआप सुरू. पाणी आटलं की कूलरचाच तरंगता फ्लोट लावून फिल्टरचं गोडं पाणी आत. "पानी उडते, मीठ थोडीच उडते?" काका समजावतात. दाणा टाकायला काकूंची चुन्याची डबी, तिला इवलीशी मोटर. आणि प्रत्येक गोष्टीचा काकांच्या मोबाइलवर मेसेज. "पानी तपलं." "पानी भरलं." "लाइन गेली." आपण काही सुचवावं, तर उत्तर ठरलेलं, "ते सिस्टीममधी बसत नाही."

काकांचं स्वतःचं जेवणही सिस्टीममध्ये बसत नव्हतं. माझी बायको सुनंदा रोज डबा पाठवायची आणि तो संध्याकाळी तसाच परत यायचा. शर्ट त्यांच्या अंगावर लोंबायला लागला. "माशाइले गरम झालं तं समजते, सोताची भूक नाही समजत," ती चिडायची. हा माणूस असा किती दिवस काढेल, याची आम्हाला खरंच धास्ती वाटत होती.

मग एकाएकी डबा रिकामा यायला लागला. सुनंदाला वाटलं, आपल्या हाताला चव आली. मीही हो म्हटलं. घरात शांतता राहते.

परवा दुपारी डबा द्यायला मीच गेलो. काका स्टुलावर चढून कूलरचा पंखा पुसत होते. टेबलावर मोबाइल वाजत होता. थांबला, पुन्हा वाजला. मी उचलून पाहिला. टाकीचा मेसेज होता, "जेवले काय?" त्याच्याखाली पुन्हा, "जेवले काय?" काकांचं काही टेस्टिंग चाललं असेल, उगाच कटकट नको, म्हणून मी "हो" लिहून पाठवलं. तशी चुन्याची डबी गर्रकन फिरली, दाणे पाण्यात पडले आणि दोन्ही मासे वर आले.

काका स्टुलावरून उतरले. रागावले नाहीत, पण चेहरा पडला.

"तू हो म्हनलं काय, गजू?"

"हो. काहून?"

"मी जेवलो म्हनल्याशिवाय त्याइले दाना पडत नाही. तसंच बसवलं हाये."

"असं कायले, काका?"

ते पेटीचं झाकण उगाच उघडत-लावत राहिले. "तुही काकू माह्या आधी कधी जेवली नाही. जिनिंगमधी उशीर झाला की उपाशी बसून राहे. ते उपाशी असंन म्हनून मी सायकल दामटत घरी येवो. आता जेवलो काय अन् नाही काय, कोनाचं काय अडते? म्हनून याइले बसवलं. मी नाही जेवलो तं दोघंबी उपाशी. मंग जेवाच लागते."

मी डबा उघडला आणि ताट वाढलं.

"मी खोटं बोललो त्याइच्याशी," मी म्हटलं. "आता तुमी खरं करा."

काका टाकीकडे तोंड करून बसले. वरणभात कालवला, एक घास घेतला, सावकाश चावला.

"सुनंदाले सांग," ते म्हणाले, "वरनात मीठ कमी हाये."