खाऱ्या पाण्याचं यंत्र

आमच्या शेजारच्या सुदामराव तायड्यांच्या अंगणात समुद्र होता. खरा समुद्र अकोल्याहून एका रात्रीच्या आगगाडीवर. हा मात्र तुळशीच्या डाव्या अंगाला, गुरांना पाणी पाजायच्या जुन्या दगडी डोणीत. तळाला मोर्णा नदीची वाळू, वर पाणी आणि त्यात अर्धं पोतं खडेमीठ. रोज आंघोळीआधी सुदामराव त्यात दोन बादल्या पाणी ओतत आणि त्याला भरती म्हणत. मी अमरावतीहून बदलून आलो त्या पहिल्याच दिवशी, पेटी डोक्यावर घेऊन सामाईक अंगणातून चाललो असताना पाठीमागून आवाज आला, "गुरुजी, पाय जपून ठेवा. समुद्र हाय."

अमरावतीकरांचं अकोल्याविषयी जे मत असतं, ते माझं तिथल्या तिथे पक्कं झालं.

सुदामराव वीज कंपनीत वायरमन होते. उंच, किडकिडीत, खाकी अर्धी पँट आणि खिशात पक्कड. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ती पक्कड खिशातच असे. नोकरी सोडून उरलेल्या वेळात त्यांचा एकच उद्योग होता: जमिनीत पुरलेला धातू हुडकणारं, आणि तेही समुद्राच्या ओल्या वाळूत चालणारं यंत्र निवडणं. निवडणं म्हणतोय, बरं का. मी आलो तेव्हा निवड सुरू होऊन सात वर्षं झाली होती आणि घाई कुणालाच नव्हती.

अशी यंत्रं लढाईत सुरुंग शोधायला वापरत. लढाई संपल्यावर ती मुंबईच्या भंगारबाजारात आली आणि त्यातलं एक सुदामरावांनी उचललं. लांब दांडा, टोकाला भाकरीच्या तव्याएवढी चकती, पाठीवर बांधायची बॅटऱ्यांची पेटी आणि कानावर चढवायचे हेडफोन. चकतीखाली धातू आला की कानातला सूर बदलायचा. याला ते "बोलणं" म्हणत. पण खारं पाणी मुरलेल्या वाळूवर चकती धरली, की खाली धातू असो वा नसो, ते किंचाळायचं. हे "रडणं".

"कोरड्या वाळूत बोलनारी मशीन कोनी बी आनन, गुरुजी," ते म्हणायचे. "खाऱ्या पान्यात रडत नाई अशी दाखवा."

त्यांनी सगळ्या जगाचीच वाटणी करून टाकली होती. जे सोप्या जागी चालतं ते गोड्या पाण्याचं. अवघड जागी टिकतं ते खाऱ्या पाण्याचं. गल्लीत कुणी नवा रेडिओ आणला की वाकून बघायचे आणि शिक्का मारायचे, "गोड्या पान्याचा हाय." आमचे हेडमास्तर दिसायला भारदस्त, पण तेही गोड्या पाण्याचे. मला तर त्यांनी ओळखीच्या दुसऱ्याच दिवशी त्या खात्यात टाकलं. मी वाद घातला नाही, कारण मला त्यांची बायको फार चांगला चहा देत असे.

खेड्यापाड्यांतून माणसं यायची. आमच्या वावरात आज्यानं हंडा पुरलाय, तेवढा शोधून द्या. सुदामराव त्यांना चहा पाजून वाटेला लावत. गुप्तधनात त्यांना काडीचा रस नव्हता. त्यांना एक जोडवं शोधायचं होतं. चांदीचं, आणि एकच.

त्याचं असं झालं. गोदावहिनी, म्हणजे त्यांची बायको, पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या. तिथल्या विहिरींचं पाणी तोंडात धरवत नाही. प्यायचं पाणी बायका कोसभरावरून डोक्यावर आणतात. कुणीतरी वहिनींना सांगितलं, की समुद्र म्हणून असतो आणि तो सगळाच्या सगळा खारा असतो. तेव्हापासून त्यांना एकदा जाऊन बघायचं होतं, की "येवढं खारं पानी कोनी अन् काहून ठेवलं." सुदामराव त्यांना अलिबागेला घेऊन गेले. वहिनींनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, थुंकलं आणि ओरडल्या, "अवो, हे तं आमच्या गावचंच पानी हाय!" मग दिवसभर त्या लाटांमध्ये लहान पोरीसारख्या खेळल्या. संध्याकाळी पाहतात तो डाव्या पायातलं जोडवं गेलेलं.

जोडवी सुदामरावांच्या आईची होती. आई त्याच वर्षी वारली होती. सुदामराव तिथेच वाळूत उभे राहून बायकोला म्हणाले, "आईची एक वस्तू तुले सांभाळता आली नाई."

हे मला त्यांनी स्वतः सांगितलं. सांगताना खिशातली पक्कड काढून नुसती उघडमीट करत होते. त्याच दिवशी परतीच्या वाटेवर यांना राहवेना, म्हणून यांनी खिशातली तांब्याची तार वळून तिचं वळं केलं आणि वहिनींच्या बोटात चढवलं. तेव्हापासून उजव्या पायात चांदी आणि डाव्या पायात तार. हळदीकुंकवाला बायका म्हणायच्या, "बाप्पा, हिच्या पायाले हात नोका लावू, करंट लागन!" वहिनीही त्यांच्यात हसायच्या.

मी एकदा म्हटलं, "अहो, सोनाराकडून नवं करून घ्या की."

"नवं काहून करू?" सुदामराव चिडलेच. "मले माहं बोलनं वापस घ्याचं हाय. तं तेच जोडवं वापस आनलं पायजे."

 इंग्रजीचा मास्तर असल्यामुळे पत्रव्यवहार तेवढा माझ्या गळ्यात पडला. परदेशी मासिकांतल्या जाहिराती पाहून आम्ही पाच कंपन्यांना पत्रं धाडली. सुदामराव मजकूर सांगायचे, "लिहा, तुमची मशीन खाऱ्या पान्यात रडते काय?" आणि त्या रडण्याला सभ्य इंग्रजी शब्द शोधण्यात माझी संध्याकाळ जायची. उत्तरादाखल रंगीत कॅटलॉग यायचे. त्यात एक गोरा साहेब यंत्र हातात धरून किनाऱ्यावर हसत उभा. सुदामराव भिंग घेऊन आधी त्याचे पाय बघायचे.

"बूट कोरडे हायेत. नापास."

एका कंपनीने मात्र सरळ लिहिलं, की ओल्या खाऱ्या वाळूवर आमचंच काय, कुणाचंच यंत्र पुरतं गप्प राहत नाही; चकती एकाच उंचीवर धरा आणि सावकाश चाला. "हा मानूस खरं बोलते," म्हणून सुदामरावांनी ते पत्र चौकटीत बसवून भिंतीला टांगलं. पण परदेशातून यंत्र मागवायला परवाना लागायचा, आणि वायरमनला तो कोण देणार? मग त्यांनी ट्रान्झिस्टरचे सुटे भाग जोडून घरीच दुसरं यंत्र केलं. त्यानंतर तिसरं. एवढ्यात मला अकोल्याला येऊन चार वर्षं झाली.

तिन्ही यंत्रांची परीक्षा वहिनींच्या माहेरी घ्यायची ठरली. पूर्णेकाठचा चिखल वाळला की वर पांढरं मीठ फुटतं. "फुकटचा समुद्र हाय," सुदामराव म्हणाले. मलाही ओढून नेलं. तिथे त्यांनी खिळा पुरला, जुना पैसा पुरला, नवा पैसा पुरला. तिन्ही यंत्रं सगळीकडे सारखीच रडली. मग सुदामराव म्हणाले, "नमुनाच पायजे. तसंच जोडवं." वहिनींनी त्यांच्याकडे नीट एकदा पाहिलं, आणि उजव्या पायातलं जोडवं काढून दिलं.

ते पुरून वर खूण म्हणून तुरीची काडी रोवली. आम्ही यंत्रांच्या बॅटऱ्या जोडतोय तोवर शेळीने काडी खाल्ली.

पुढचा तासभर अख्खं गाव खुरपी घेऊन त्या चिखलात होतं. यंत्रं रडत होती. सासरे खाटेवर बसून पाहत होते. "एक समुद्रात घातलं," ते शांतपणे म्हणाले, "दुसरं पूर्णेत. जावई लय हुशार भेटला." शेवटी वहिनी उठल्या. वहाणा काढल्या, चिखलात चार पावलं इकडे, दोन तिकडे टाकली, अंगठ्याने चाचपलं आणि वाकून जोडवं उचललं.

"तीन मशिनी," त्या पाय धुता धुता म्हणाल्या, "अन् एक अंगठा."

सुदामरावांनी वहीत लिहिलं, तिन्ही नापास. त्यानंतर मात्र माणूस खचला. भरती दोन-दोन दिवस राहून जाऊ लागली. एकदा मला म्हणाले, "गुरुजी, हे आपल्याच्यानं होत नाई काय?" 

अशातच एका दुपारी ते कामावर गेलेले असताना वहिनी हळदीचा डबा घेऊन आमच्याकडे आल्या. "भाऊजी, तुमाले एक दाखवाचं हाय," म्हणाल्या आणि हळदीत बोटं खुपसून एक पिवळंधम्मक जोडवं बाहेर काढलं. मी आधी त्यांच्या पायांकडे पाहिलं. उजव्यातलं जागेवर होतं.

"अलिबागेहून आली अन् लुगडं धुतलं, तं निऱ्यांतून पडलं," त्या म्हणाल्या. "तवा राग होता, म्हून नाई सांगतलं. राग गेला, तवर हे मशीन घेऊन बसले होते. मंग कसं सांगू? अकरा वर्सं मानूस ज्याच्या मांगं लागला, ते त्याच्या हातून काढून घेऊ काय?"

"मग आता?"

"तुमी त्याईले म्हना, कोनती बी एक घ्या, पन निघा. वाळूत टाकाचं काम माह्यावर सोडा." डब्याचं झाकण लावता लावता त्या जरा लाजल्या. "अन् मले एकडाव समुद्र बी पाहाचा हाय."

मी त्याच संध्याकाळी सुदामरावांना गाठलं. म्हटलं, तुमचा तो खरं बोलणारा साहेबच सांगतो, की न रडणारं यंत्र जगात नाही. मग नुसतं निवडत काय बसता? रडण्यातून बोलणं ओळखायला शिका. हे मी आयत्या वेळी जुळवलेलं वाक्य होतं.  "गुरुजी," ते म्हणाले, "आज तुमी खाऱ्या पान्याचं बोलले." तिसऱ्या दिवशी निवड जाहीर झाली. अकरा वर्षांपूर्वी भंगारबाजारातून आणलेलं, ते पहिलंच यंत्र. त्याच्या पेटीला मेणकापड गुंडाळून नवराबायको अलिबागेला गेली.

आठव्या दिवशी टांगा दारात थांबला. सामान उतरायच्या आधीच सुदामरावांनी गल्ली गोळा करून पेढे वाटले. "भरती ओसरली. मी चाललो सावकाश. मशीन रडून राहिली, रडून राहिली, अन् एकदम बोलली!" वहिनी पदर तोंडाला लावून मागे उभ्या होत्या. दोन्ही पायांत चांदी. त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं, आणि मी घाईघाईने दुसरा पेढा तोंडात घातला.

दिवस कलल्यावर सुदामराव डोणीतला समुद्र उपसायला बसले. मीही बादली घेऊन गेलो. दहाबारा बादल्या झाल्यावर ते हळूच म्हणाले, "गुरुजी, मशीन बोललीच नाई."

"म्हणजे?"

"पयल्याच लाटेनं पेटीत पानी गेलं. बंद पडली. पन तिले येवढ्या दूर आनलं, तिच्यासमोर कसं सांगू? तशीच फिरवत बसलो. तं मांगून ही म्हनते, 'थांबा थांबा, इथं वाजलं!'" त्यांनी बादली खाली ठेवली. "हेडफोन माह्या कानाले, गुरुजी, अन् आवाज तिले आला."

मला हसू आलं, पण त्यांच्या तोंडाकडे पाहून ते आतच राहिलं.

"खंदलं. जोडवं निंगालं. नक्षीत हळद होती. अकरा वर्सं समुद्रात पडलेल्या चांदीले हळद राहते काय?"

"वहिनींना विचारलं नाही?"

"काय विचारू? मशीननं सापडवलं म्हून लय खुश हाय ते. तुमी बी सांगू नका." मी मान डोलावली. एका घरातली दोन गुपितं पोटात घेऊन मी तिथे उकिडवा बसलो होतो. सुदामरावांनी पक्कड काढली, उघडली, मिटली आणि परत खिशात ठेवली.

"मी तिले म्हनलं होतं, आईची एक वस्तू तुले सांभाळता आली नाई," ते म्हणाले. "अकरा वर्सं सांभाळली तिनं."

त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. मग तळाशी राहिलेलं खारं पाणी त्यांनी बादलीत घेतलं आणि तुळशीला लागणार नाही अशा बेताने बाहेरच्या नालीत नेऊन ओतलं.