मास्तरांचं लिव्हर आणि हॉटेलच्या चादरी

"डाग मला दाखवा, तो कुठून आला ते मी सांगतो," असं लॉन्ड्रीतले डागमास्तर छाती पुढे काढून म्हणत, आणि त्यात फारशी फेकाफेक नव्हती. चहा, शाई, गंज, लिपस्टिक, काहीही असो. मास्तर चादर उजेडात धरत आणि जागच्या जागी निकाल देत. इस्त्री झालेली प्रत्येक चादर त्यांच्या टेबलावर येई. तिच्या कडेवरून त्यांचा अंगठा फिरला की मगच ती हॉटेलात जायची.

तर अशा या मास्तरांच्या लिव्हरला तपासणीत जरा चरबी निघाली. डॉक्टर म्हणाले, जिने चढा, तळलेलं कमी खा. हे दोन्ही जिवावर येणारं असल्यामुळे मास्तरांनी मेहुण्याचं ऐकलं. मेहुणा नुकताच आरोग्याच्या कॅप्सूल विकायला लागला होता आणि नातेवाइकांवरच हात साफ करून घेत होता.

"भावोजी, कर्क्युमिन आहे हे. लिव्हर, सांधे, झोप, सगळ्यावर एकच."

एवढं भारदस्त नाव ऐकल्यावर बाटलीवरची बारीक अक्षरं कोण वाचतो? ही आपल्या फोडणीतल्या हळदीचीच करामत, हे मास्तरांच्या गावीही नव्हतं.

पंचाईत वेगळीच होती. मास्तरांना कॅप्सूल गिळता येत नसे. ती घशाशी जाऊन अडून बसायची. आता हे बायकोला कसं सांगणार? मुलं लहान असताना "गोळीला काय घाबरायचं" म्हणून हेच त्यांच्यावर डोळे वटारायचे. म्हणून बाटली लॉन्ड्रीत आली. टेबलामागे उभं राहून मास्तर कॅप्सूल उघडत, पिवळी पूड पाण्यात टाकत, नाक दाबून पिऊन टाकत आणि हात झटकून चादरी तपासायला लागत.

आठवडाभरात हॉटेलातून तक्रार आली. चादरींच्या कडेला पिवळे ठिपके. मास्तरांनी एक चादर उजेडात धरली.

"हळद," ते म्हणाले. "कोणीतरी जेवून हात न धुता कामाला लागतंय."

निदान अचूक होतं, हे मान्य करायला हवं. त्यांनी लगेच फर्मान काढलं की डब्यात हळदीचं काही आणायचं नाही. सगळे बिचारे कोरडा ब्रेड चावायला लागले. मशीनवाला वैतागला. "मास्तर, बायको विचारते, लॉन्ड्रीत कामाला आहात की दवाखान्यात भरती झालात?"

तरी ठिपके थांबेनात. उलट वाढले. त्याचं कारण असं, की मास्तरांना आपला अंगठा पिवळट दिसायला लागला होता. लिव्हर आणखी बिघडलं या धसक्याने त्यांनी डोस दुप्पट केला होता.

आता संशय इस्त्रीवाल्या मावशींवर आला.

"मावशी, डाग पडलेली प्रत्येक चादर तुमच्या हातून आलेली आहे."

"सगळ्याच चादरी माझ्या हातून येतात, मास्तर."

"तेच म्हणतोय मी."

मावशींनी इस्त्री उभी केली. "या वयात मला दुसरीकडे कोण ठेवील?" त्या हळूच म्हणाल्या. मास्तरांना वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण हॉटेलच्या मॅनेजर बाईंनी निरोप धाडला होता की डाग कोणाचा ते उद्या समोर दाखवा, नाहीतर काम दुसरीकडे जाईल. मावशी गेल्या तर एक माणूस जाणार होतं. हॉटेल गेलं तर सगळेच घरी बसणार होते.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. मास्तरांनी बादलीत धुण्याच्या सोड्याचं पाणी तयार ठेवलं होतं.

"हळदीचा हात यात बुडवला की लाल होतो. ज्याचा होईल, तो आजपासून चादरीला हात लावणार नाही. माझा शब्द."

मशीनवाल्याने हात बुडवले. काही नाही. घड्या घालणारीने बुडवले. काही नाही. मावशींनी एकदा सगळ्यांकडे बघितलं आणि कोपरापर्यंत हात आत घातले. पाणी जसंच्या तसं, हातही तसेच.

मास्तर जरा गडबडले. बहुतेक सोडा कमी पडला, असं त्यांना वाटलं. किती पडलाय ते बघायला त्यांनी स्वतःच पाणी ढवळलं. हात बाहेर आला तो विटेसारखा लाल.

मशीनवाल्याने डब्यातला कोरडा ब्रेड काढून टेबलावर आणून ठेवला.

"हे औषध आहे," मास्तर चाचरत म्हणाले आणि बाटली पुढे केली. बाईंनी चष्मा लावला.

"हळदीचा अर्क. यकृताच्या आरोग्यासाठी. कोणाच्या यकृताच्या?"

"माझ्या."

"मग आमच्या चादरींना कशाला देताय?"

काम हॉटेलने काढून घेतलं नाही. पण शब्द तो शब्द. तपासणीच्या टेबलावर मावशी बसल्या. मास्तर त्यांच्यासमोर मान वर करू शकत नव्हते. "चुकलं माझं," एवढं मात्र त्यांनी सगळ्यांदेखत म्हटलं. हळदीचे डाग उन्हात उडतात, म्हणून डागाळलेल्या चादरी गच्चीवर पसरायचं काम त्यांच्याकडे आलं. तेही रबरी हातमोजे घालून, आणि इमारतीची लिफ्ट कधीपासून बंद, त्यामुळे सगळे जिने चढून.

डॉक्टरांनी बाटली बघून कपाळाला हात लावला. "बंद करा हे. असल्या अर्काने एखाद्याचं चांगलं लिव्हर बिघडतं." बाटली बंद झाली, जिने चालू राहिले, आणि पुढच्या तपासणीत लिव्हर चक्क सुधारलेलं निघालं.

मेहुण्याला एवढंच कळलं. तो एक गिऱ्हाईक घेऊन थेट गच्चीवर हजर. "हे आमचे भावोजी. बघा, एका बाटलीत काय फरक पडलाय."

गिऱ्हाईक मास्तरांकडे कौतुकाने बघत होतं. मास्तरांनी खांद्यावरची ओली चादर सावरली आणि खरं काय ते सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात खालून मावशींची हाक आली.

"मास्तर, गप्पा पुरे. ही चादर परत वर नेऊन उन्हात घाला, डाग अजून आहे."